फ्रेमच्या बाहेरचं हॉर्निमन सर्कल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला वीस मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोपवला. बँकवाल्यावर विषय सोपवला तर तो मुदत ठेवींवर बोलणार, अशी भीती ए विंगमधून कोणीतरी बोलून दाखवल्याचं कानावर आलं. निर्धास्त राहा. मी आज शूटिंगवर बोलणार आहे.

कारण ताजं आहे. गेल्या वर्षी आपल्या आवारात एका मालिकेचं दोन दिवस शूटिंग झालं. त्यावरून सर्वसाधारण सभेत जे झालं ते इतिवृत्तात आहे, मी पुन्हा सांगत नाही. पैसे लिफ्टच्या दुरुस्ती फंडात जमा झाले, पावती फाइलला आहे. पण माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. सकाळी मी दूध घेऊन येत होतो तर गेटपाशी एक मुलगा म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." माझ्याच गेटपाशी! मला राग आला नाही, हसू आलं. कारण हे वाक्य मी नोकरीत असताना अनेकदा ऐकलं होतं. बोरीवलीत नव्हे, फोर्टात, हॉर्निमन सर्कलला.

आपल्यातल्या ज्यांनी फोर्टात नोकऱ्या केल्या त्यांना रस्ता सांगायला नको. पण नव्या पिढीचं ऑफिस आता मालाडला, बीकेसीला, किंवा घरातल्याच डायनिंग टेबलावर. म्हणून सांगतो. चर्चगेटला उतरायचं, वीर नरिमन रोडने सरळ चालत सुटायचं. हुतात्मा चौक ओलांडला की पुढे डाव्या हाताला सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. हे 1718 सालचं. चर्चगेट हे नाव पडलं ते याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून. त्याच्या पुढे रस्ता एका गोल बागेला जाऊन भिडतो. बागेभोवती कमानींच्या एकसारख्या इमारती, आणि पलीकडे, बागेच्या पूर्वेला, टाउन हॉल. म्हणजे एशियाटिक लायब्ररीची इमारत, तिच्या त्या रुंद तीस पायऱ्या आणि ग्रीक देवळासारखे खांब. झालं, हेच हॉर्निमन सर्कल.

तुम्ही कधी गेला नसाल तरी ते पाहिलेलं आहे, याची मी खात्री देतो. हिंदी सिनेमात नायक केस जिंकून पायऱ्या उतरतो, खाली वार्ताहरांचा घोळका माइक पुढे करतो, ते कोर्ट म्हणजे बहुतेक वेळा आमची लायब्ररी. खऱ्या हायकोर्टाच्या आवारात असा कॅमेरा नेता येत नाही, म्हणून पायऱ्या इथल्या. मालिकेत पोलीस आयुक्तांचं कार्यालय दाखवायचं, तरी पायऱ्या याच. कॉलेज, सचिवालय, परदेशातली युनिव्हर्सिटी, जाहिरातीतलं विलायतेतलं शहर, सगळं इथेच. आमचा एक शिपाई म्हणायचा, "साहेब, ह्या पायऱ्यांनी जेवढे वेश बदलले तेवढे कुठल्या नटाने बदलले नसतील."

पण खऱ्या आयुष्यात या पायऱ्या चढून कोण जात होतं? भारतरत्न पां. वा. काणे जात होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे ते प्रचंड खंड, त्यामागे या ग्रंथालयाचा मोठा आधार होता. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे वाचत बसल्या. आत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आहे. दान्ते नावाच्या इटालियन कवीचं जुनं हस्तलिखितही तिथे जपून ठेवलंय. सिनेमावाले मात्र पायऱ्यांवरून परत फिरतात. दरवाजाच्या आत काय आहे, याचं त्यांना घेणंदेणं नाही. त्यांची तक्रार करत नाही, त्यांना पायऱ्याच हव्या असतात.

आता थोडा इतिहास. थोडाच, कारण घड्याळ समोर आहे. या जागेला पूर्वी बॉम्बे ग्रीन म्हणत. किल्ल्याच्या आतलं हे मोकळं मैदान. इथे कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. 1844 साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला आणि मैदान ओस पडलं. कचरा, धूळ, नारळाच्या करवंट्या. टाउन हॉल तोवर उभा होता, 1833 सालापासून. त्याच्या समोरच्या वडाखाली दलाल जमून शेअरचे सौदे करायचे. 1874 मध्ये ते आज ज्याला दलाल स्ट्रीट म्हणतात तिथे गेले, आणि पुढचा स्टॉक एक्स्चेंजचा इतिहास तुम्हाला माहीतच आहे. आपल्या सोसायटीत निम्म्या घरांत सकाळी सव्वानऊपासून टीव्ही त्याच्यावरच लागलेला असतो.

त्या ओसाड मैदानाचं वर्तुळ करावं ही कल्पना कोणाची? आर्किटेक्टची नाही, पोलीस कमिशनरची! चार्ल्स फोर्जेट. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतरचे सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नरांनी त्याला पाठिंबा दिला. 1860च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा खेळत होता. नगरपालिकेने जमीन घेतली, प्लॉट पाडले, व्यापारी पेढ्यांना विकले आणि त्यात नफाही कमावला. अट एकच, सगळ्या इमारतींचा दर्शनी भाग एकसारखा पाहिजे. जमीन घ्यायची, प्लॉट पाडायचे आणि नफ्यात विकायचे, हा धंदा मुंबईत बिल्डर लोकांनी काढला असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. 1872 पर्यंत मधली बाग पूर्ण झाली. नाव ठेवलं एल्फिन्स्टन सर्कल. हे कॉलेजवाले एल्फिन्स्टन नव्हेत बरं का, त्यांच्या घराण्यातलेच पण नंतरचे गव्हर्नर. लोक नेहमी घोळ करतात.

स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. इंग्रज गव्हर्नरचं नाव काढलं आणि दिलं कोणाचं? दुसऱ्या एका इंग्रजाचं. बेंजामिन गाय हॉर्निमन. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. जन्म 1873, मृत्यू 1948. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबातून बातमी बाहेर पडू नये म्हणून सरकारने सगळीकडे बूच मारलं होतं. हॉर्निमन सरकारवर तुटून पडत होते, म्हणून 1919च्या एप्रिलमध्ये त्यांना उचलून थेट विलायतेला पाठवून दिलं. तिथूनही ते गप्प बसले नाहीत. त्या हत्याकांडाचे फोटो त्यांनी लपवून बाहेर नेले आणि तिकडच्या लोकांसमोर ठेवले. 1926 मध्ये ते परत आले आणि पुन्हा पेपरच काढत बसले.

म्हणजे ज्या चौकात रोज कोणीतरी कॅमेरा लावून "बाजूला व्हा" म्हणतो, त्या चौकाला नाव आहे ते लोकांना दिसू नये असं जे सरकारला वाटत होतं ते दाखवणाऱ्या माणसाचं. युनिटमधल्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. आपल्याकडच्या गुजराती शेजाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. तुमच्या घरी रोज येणारा 'मुंबई समाचार' 1822 साली निघाला, आशियातलं चालू असलेलं सर्वांत जुनं वर्तमानपत्र, त्याची लाल इमारत याच सर्कलवर आहे. तीसुद्धा सिनेमात मागे हमखास दिसते.

माझी नोकरी 1972 ला लागली. सर्कलजवळच्या शाखेत दोन टप्प्यांत मिळून अकरा वर्षं काढली. आमचा विभाग पहिल्या मजल्यावर, खिडकी बागेकडे. आठवड्याच्या दिवशी शूटिंग क्वचित, कारण फोर्टात पाय ठेवायला जागा नसायची. शूटिंग असायचं रविवारी आणि सुटीला. आणि रविवारी फोर्टात कोण? कबुतरं आणि बँकवाले. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं, मार्चअखेर नंतर आली. त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा रविवार आम्ही लेजरच्या बाकी जुळवत बसायचो आणि खाली शूटिंग चालायचं.

असाच 1986 चा डिसेंबर. आम्ही चार जण चहाला खाली उतरलो. कमानीखाली आमचा नेहमीचा चहावाला, रविवारीही आमच्यासाठीच येणारा. युनिटच्या माणसाने त्याचा स्टोव्ह उचलायला लावला, आम्हालाही मागे सरायला सांगितलं. बरं. आम्ही खांबाआड उभे राहिलो. मग एका बसमधून पंचवीसेक माणसं उतरली. पांढरे शर्ट, हातात ब्रीफकेस, खिशाला पेन. असिस्टंट ओरडला, "तुम्ही सगळे बँकेचे लोक! घाईत चालायचं! घड्याळ बघायचं!" आणि ती माणसं घड्याळ बघत या कमानीतून त्या कमानीत ये-जा करू लागली. एका कोपऱ्यात नकली चहावालासुद्धा बसवला, पितळी किटली देऊन. आमच्या चहावाल्याकडे ॲल्युमिनियमची होती, ती चालली नसावी.

आम्ही पोट धरून हसलो. खऱ्या बँकवाल्यांना खांबाआड उभं करून खोटे बँकवाले चालवत होते. आणि गंमत म्हणजे ते आमच्यापेक्षा झपाझप चालत होते. वर्षअखेरीला बँकवाला असा चालत नाही हो, तो पाय ओढत चालतो.

संध्याकाळी चर्चगेटला बोरीवली लोकलमध्ये चढलो तर समोर त्यातलाच एक 'बँक ऑफिसर'. पेन अजून खिशाला. मी हटकलं. बोरीवलीचाच निघाला, पूर्वेला राहायचा. चाळिशीचा असेल. मी म्हटलं, "आज आमचं काम केलंत तुम्ही." तो ओशाळला, मग हसला. म्हणाला, "साहेब, मी वकील होतो, डॉक्टर होतो, बऱ्याचदा प्रेतयात्रेत असतो. बँकेत आज पहिल्यांदाच लागलो." लागलो हा शब्द त्याने असा उच्चारला की मी पुढे काही बोललो नाही. अंधेरीला बसायला जागा मिळाली, ती मी त्याला दिली. दिवसभर तो उभाच होता. त्याने सांगितलं की सिनेमात त्याचा चेहरा येणारच नाही, कॅमेरा मागून होता. तरी बायकोला घेऊन जाणार, पाठ ओळखते का बघायला.

आता घरातलं थोडं बोलतो. तुम्हापैकी अनेकांनी माझ्या पत्नीला पाहिलं आहे, हळदीकुंकवाला तिच्या हातची खिरापत खाल्ली आहे. ती विमा कंपनीत होती, फोर्टातच. लग्न ठरल्यापासून ते तिची बदली होईपर्यंत, पाच-सहा वर्षं, जमेल त्या दुपारी आम्ही टाउन हॉलच्या पायऱ्यांवर डबा खायचो. डावीकडून, सावली येते त्या बाजूला, वरून पाचवी-सहावी पायरी. आम्ही एकटे नव्हतो. टांकसाळीतले कामगार, पोस्टातले, कापडाच्या पेढीवरचे मुनीम, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, बागेत वर्तमानपत्र अंथरून अर्धा तास डुलकी काढणारे. लॉटरीचं पहिलं तिकीट तिने त्या पायऱ्यांवर घेतलं. तो टाउन हॉलही सुरुवातीला लॉटरीच्याच पैशांवर बांधायला घेतला होता हे मी तिला नंतर सांगितलं, तेव्हा म्हणाली, "मग मला लागली का नाही?"

तिला जाऊन चार वर्षं झाली. नातवाने मागच्या दिवाळीत विचारलं, आजोबा, आजीचा तुमच्या ऑफिसजवळचा फोटो आहे का? नाही. तेव्हा कॅमेरा कोण डब्यासोबत नेत होतं? मग त्याची डोकॅलिटी चालली. म्हणाला, त्या पायऱ्या तर त्या काळच्या कितीतरी सिनेमांत असतील, शोधू. आणि आम्ही आजोबा-नातू रोज रात्री टीव्हीला मोबाइल जोडून जुने सिनेमे बघत बसलो. कोर्टाचा सीन आला की थांबवायचं, मागे न्यायचं, मोठं करायचं. पायऱ्या दिसल्या. खांब दिसले. वरून पाचवी-सहावी पायरी तर इतकी स्पष्ट की दगडाला गेलेला टवका मी ओळखला. माणूस एकही नाही. जिथे माणसं आहेत तिथे काळे कोट घातलेली, एका चालीत उतरणारी. नातू हिरमुसला. मी त्याला समजावलं, अरे, आम्ही तिथे रोज होतो, पण ते आले की आम्हाला उठवायचे.

माझा राग सिनेमावाल्यांवर नाही, हे पुन्हा सांगतो. त्यांचं काम तसंच आहे. एखाद्याने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला की टेक वाया गेला, फिल्मचा रोळ महाग. परवानग्यांसाठी महापालिका, पोलीस, वाहतूक पोलीस अशा दहा दारांवर खेटे घालावे लागायचे. आता गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत एक खिडकी योजना आहे. शिवाय आजचं फोर्ट जुनं दिसत नाही. 2012 पासून तिथल्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्स आहे, भारतातलं पहिलं. अनुराग कश्यप यांना 'बॉम्बे व्हेल्वेट'साठी 1960च्या दशकातली मुंबई हवी होती, तर ती त्यांनी श्रीलंकेत सेट लावून उभी केली. आपल्या शहरात आपलंच जुनं शहर मोकळं मिळेना!

पण सुरुवातीला असं नव्हतं. भारतात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली ती 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात, हॉर्निमन सर्कलहून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. ते बघून आपल्या एका मराठी माणसाने, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादांनी, कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परतले, त्यांचं स्वागत टिपलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला 1913 ला, म्हणजे त्याच्या बारा वर्षं आधी. सावेदादांनी गर्दीला बाजूला व्हा म्हटलं असेल असं मला वाटत नाही. स्वागताला आलेली गर्दी काढून टाकली तर चित्रपटात उरतं काय?

आता आपल्याकडे येतो, आणि संपवतो.

रौप्यमहोत्सवासाठी आपल्या मुलांनी जी फिल्म केली ती आत्ताच आपण पाहिली. उत्तम आहे. ड्रोनने वरून घेतलेलं नॅशनल पार्कचं हिरवं, त्याच्या अलीकडे आपल्या दोन विंगा, नवा रंग, संगीतही छान. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण शूटिंगच्या आदल्या दिवशी ग्रुपवर आलेली सूचना माझ्याकडे अजून आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. गाड्या बाहेर लावाव्यात. सकाळी सात ते दहा कोणी खाली उतरू नये. वॉचमननी केबिनमध्येच बसावं. भाजीवालीला त्या दिवशी नको सांगितलं होतं. बी विंगमधल्या आजी, ज्या पंचवीस वर्षं रोज सकाळी तुळशीपाशी खुर्ची टाकून बसतात, त्यांची खुर्चीसुद्धा आत नेली होती. त्यांनी मला विचारलं, "अहो, मी काय अडचण होते का?"

पंचवीस वर्षांपूर्वी ताबा मिळाला तेव्हाची सोळा कुटुंबं आता नाहीत. कोणी विकून गेलं, कोणी देवाघरी. रीडेव्हलपमेंटचा विषय आज ना उद्या येणारच, गेटबाहेरचे बोर्ड बघताच आहात. हॉर्निमन सर्कलच्या कमानींना 1995 च्या हेरिटेज नियमांचं संरक्षण आहे. आपल्याला कसलं आहे? आणखी पंधरा वर्षांनी आजच्या चौथीतल्या मुलाला ही जागा दाखवायची झाली तर ती या फिल्ममध्येच दाखवावी लागेल. त्याने विचारलं, माझी आजी कुठे आहे यात, तर?

म्हणून समितीला माझी लेखी विनंती आहे, अर्ज सेक्रेटरी साहेबांकडे दिलाय. आहे ती फिल्म राहू द्या. तिच्या जोडीला आणखी एक करा. ड्रोन नको, संगीत नको. साधा मोबाइल स्टँडवर लावायचा, गेटपाशी एक, लिफ्टपाशी एक, तुळशीपाशी एक, आणि सकाळी सात ते नऊ नुसता चालू ठेवायचा. स्कूलबस येईल, दूधवाला येईल, कचऱ्याची बादली खाली ठेवताना कोणाची तरी चप्पल निसटेल, पार्किंगवरून दोघांचं वाजेल. वाजू द्या. वॉचमनना केबिनबाहेर बसवा, नेहमी बसतात तसे. आजींची खुर्ची जागेवर. कपडे वाळत घाला, पण जरा बघून.

दिवस मंगळवारचा ठेवा. भाजीवाली मंगळवारी आणि शुक्रवारी येते, आणि शुक्रवारी पाण्याचा टँकर मध्ये उभा असतो. मोबाइल सोमवारी रात्रीच चार्ज करून ठेवा.